सोडून जाण्याचा हक्क

सुरत हे नाव कानावर पडले की मराठी माणसाला दोन साले आठवतात. एक 1664 आणि दुसरे 1670. ह्या दोन्ही वर्षी शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ह्या धनाढ्य बंदरावर स्वारी केली, आणि तो इतिहास शाळेच्या पुस्तकातून प्रत्येकाने वाचलेला असतो. परंतु ह्या दोन स्वाऱ्यांच्या दरम्यान, 1669 च्या सप्टेंबर महिन्यात, त्याच सुरतेत आणखी एक घटना घडली. तीत तलवार उपसली गेली नाही आणि एकही घर जळले नाही. तरीही सुमारे तीन महिने शहराचा व्यवहार ठप्प झाला, आणि अखेर दिल्लीच्या बादशहाला तिची दखल घ्यावी लागली. नागरिकांचे स्वातंत्र्य म्हणजे काय, आणि ते कशाच्या आधारावर टिकते, ह्याचा विचार करणाऱ्याने ही घटना नीट पाहिली पाहिजे.

त्या काळी सुरतेच्या काजीने वाणी समाजातील काही व्यक्तींचे बळजबरीने धर्मांतर घडवून आणले होते. ज्यांचे धर्मांतर झाले नाही, त्यांनाही तीच भीती घालून पैसे उकळले जात होते. तेव्हा महाजनांनी भीमजी पारेख आदी पाच प्रमुखांना इंग्रज वखारीचा अध्यक्ष जेराल्ड ऑन्जिअर ह्याच्याकडे पाठविले. मुंबई बेट 1668 मध्येच ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आले होते. त्या बेटावर आपल्याला आसरा मिळेल काय, असा त्यांचा प्रश्न होता. ऑन्जिअर सावध होता. एवढे व्यापारी एकदम मुंबईस नेले तर बादशहाचा रोष कंपनीवर होईल, हे जाणून त्याने त्यांना तूर्त अहमदाबादकडे जाऊन बादशहापाशी दाद मागण्याचा सल्ला दिला.

सप्टेंबरच्या अखेरीस सुरतेतून सुमारे आठ हजार वाणी बाहेर पडले. बायकामुलांना भाऊबंदांच्या हवाली करून ते भडोचला गेले. काजीने संतापून सुभेदाराकडे मागणी केली की, ह्या लोकांना अडवून परत फिरवा. त्यावर सुभेदाराने दिलेले उत्तर इंग्रजांच्या पत्रव्यवहारात नोंदलेले आहे. त्याचा आशय असा: हे बादशहाचे प्रजाजन आहेत, बादशहाच्या मुलखात त्यांना वाटेल तेथे जाण्यास ते मोकळे आहेत.

मागे राहिलेल्या वाण्यांनी महाजनांच्या हुकुमावाचून एकही दुकान उघडायचे नाही, असे कडक निर्बंध स्वतःवर घालून घेतले होते. परिणामी शहरात धान्य मिळेना. टांकसाळ बंद, जकातीची कचेरी बंद. घरखर्चालाही रोकड मिळणे मुष्कील झाले, तेथे व्यापाराची गोष्टच नको. अखेर बादशहाकडून सुरक्षिततेचे आणि काही प्रमाणात धर्माचरणाच्या मोकळिकीचे आश्वासन आले, आणि डिसेंबरच्या 20 तारखेस ही मंडळी सुरतेस परतली.

हा विजय कोणत्या हक्काचा होता? लिखित कायद्यात अशा हक्काचा मागमूस नव्हता. न्यायालयात जाऊन काजीविरुद्ध मनाई हुकूम मिळविण्याची सोय नव्हती. वाण्यांच्या हाती दोनच गोष्टी होत्या. एक, त्यांच्यावाचून शहराची गाडी चालत नव्हती. दुसरी, ते शहर सोडून जाऊ शकत होते, आणि जवळच दुसऱ्या सत्तेचे एक बेट त्यांची वाट पाहत होते. सुरतेच्या सुभेदाराला मुंबईचा धाक होता. पुढे 1677 मध्ये कंपनीने दीवच्या निमा पारख ह्या व्यापाऱ्याला मुंबईत येऊन राहण्यासाठी सनद दिली, आणि तीत धर्माचरणात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिले. व्यापार ओढून आणावयाचा तर माणसांच्या देवधर्माला हात लावून चालणार नाही, एवढे व्यवहारज्ञान कंपनीला होते.

एक सत्ता छळू लागली म्हणजे दुसऱ्या सत्तेच्या हद्दीत जावे, हा मार्ग आपल्याकडे जुना आहे. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन आले, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश जुवारी नदी ओलांडून आदिलशाही अंमलातील प्रियोळास नेण्यात आला. अनेक कुटुंबांनी, हिंदू तशीच ख्रिस्तीही, कानडा मुलखाची वाट धरली. एका नदीच्या अंतराने माणसाचे देवघर सुरक्षित होत होते.

ह्याच सतराव्या शतकात अटलांटिक महासागराच्या पलीकडे असाच प्रकार घडत होता. धर्मस्वातंत्र्यासाठी इंग्लंड सोडून गेलेल्या प्यूरिटन लोकांनी मॅसॅच्युसेट्समध्ये वसाहत केली, आणि तेथे आपल्याहून वेगळे मत असणाऱ्यांना जागा ठेवली नाही. रॉजर विल्यम्स ह्या धर्मोपदेशकाने, राज्यसत्तेने माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीवर हुकमत चालवू नये, असे सांगण्यास सुरुवात केली, तेव्हा त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. त्याने 1636 मध्ये थोड्या अंतरावर प्रॉव्हिडन्स ही वसाहत स्थापन केली. तीच पुढे ऱ्होड आयलंड झाली, आणि 1663 च्या सनदेने तेथील रहिवाशांना धर्माच्या बाबतीत मोकळीक मिळाली. एका वसाहतीने हाकलले, दुसरीने ठाव दिला. अमेरिकेच्या संघराज्यपद्धतीचे बीज अशा शेजारपणातही आहे. अनेक सत्ता एकमेकींच्या शेजारी असल्या म्हणजे कोणतीही एक सत्ता सर्वंकष होऊ शकत नाही, हा विचार 1787 मध्ये राज्यघटना रचणाऱ्यांच्या मनात पक्का होता.

संघराज्याच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद केला जातो. एक राज्य नवा प्रयोग करून पाहते, आणि तो यशस्वी झाला तर इतर राज्ये त्याचे अनुकरण करतात. अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रँडाइस ह्यांनी 1932 मध्ये ह्याच अर्थाने राज्यांना प्रयोगशाळेची उपमा दिली. ह्याचे उदाहरण शोधण्यासाठी सुरतेहून फार दूर जावे लागत नाही. नवसारी हा बडोदे संस्थानाचा प्रांत सुरत जिल्ह्याला लागून, कित्येक ठिकाणी त्यात गुंतलेला होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग 1893 मध्ये अमरेलीत केला, आणि 1906 मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला. म्हणजे एका गावची मुलगी कायद्याने शाळेत जात होती, आणि शिवेपलीकडच्या इंग्रजी अंमलातील गावच्या मुलीला तसा हक्क नव्हता. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी 1911 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. सरकारने ते विधेयक नामंजूर केले, तरी शेजारचा दाखला कोणाला पुसून टाकता आला नाही.

बडोद्याची शीव पुन्हा एकदा उपयोगी पडली ती 1930 मध्ये. सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुक्याने 1928 मध्ये वल्लभभाई पटेल ह्यांच्या नेतृत्वाखाली वाढीव साऱ्याविरुद्ध लढा दिला होता. सरकारने सारा 22 टक्क्यांनी वाढविला होता. पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल ह्या अधिकाऱ्यांच्या चौकशीत वाजवी वाढ सुमारे सव्वासहा टक्क्यांच्याही आतच ठरली. दोन वर्षांनी सविनय कायदेभंगाच्या चळवळीत ह्याच शेतकऱ्यांनी पुन्हा सारा देण्याचे नाकारले. ह्या खेपेस दडपशाही फार कडक झाली. तेव्हा गावेच्या गावे घरांना कुलपे लावून, गुरेढोरे आणि भांडीकुंडी घेऊन बडोद्याच्या हद्दीत गेली, आणि तेथे चटयांच्या व झावळ्यांच्या खोपटांत राहिली. ह्या स्थलांतराला लोकांनी ‘हिजरत’ असे नाव दिले. गायकवाडांचे संस्थानही इंग्रजांच्या छत्राखालीच होते. तरी इंग्रजी जिल्ह्याच्या मामलेदाराचा हात त्या शिवेवर थबकत होता, आणि तेवढा आडोसा शेतकऱ्यांना पुरला. मुंबई प्रांतात 1937 मध्ये काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यानंतर जप्त जमिनी मूळ मालकांना परत देण्याचा कायदा झाला.

येथवरची कथा ऐकून असे वाटेल की, सत्ता अनेक असाव्यात, त्यांच्यामध्ये शिवा असाव्यात, आणि माणसाला त्या ओलांडता याव्यात, एवढे झाले की स्वातंत्र्य आपोआप सुरक्षित झाले. परंतु त्याच बारडोली तालुक्यात, त्याच शेतांवर, एक वर्ग असा होता की ज्याला शीव ओलांडण्याची मुभा नव्हती. तो वर्ग हाळ्यांचा.

दुबळा नावाने ओळखल्या जाणाऱ्या जमातीतील मजूर लग्नासाठी जमीनमालकाकडून कर्ज घेई, आणि त्या दिवसापासून त्याचा हाळी होई. मिळणाऱ्या धान्यात व कपड्यात कर्ज फिटण्याची शक्यताच नसे. उलट ते वाढत जाई, आणि बापाची चाकरी मुलाच्या वाट्यास येई. एखादा हाळी पळून गेलाच, तर त्याला शोधून परत आणले जाई. दुसरा मालक त्याला ठेवून घ्यावयाचा, तर आधी जुने देणे चुकते करणे आले. ज्या शेतकऱ्यांच्या धैर्याचे गोडवे सर्व देशाने गाइले, त्यांच्यातील अनेकांच्या दारी असे हाळी राबत होते. 1928 चा लढा जमीन बाळगणाऱ्यांचा होता. साऱ्याच्या टक्केवारीत हाळ्याचा प्रश्न कोठेच बसत नव्हता. गांधीजींनी ह्या जमातीला ‘हळपती’, म्हणजे नांगराचा धनी, असे नाव दिले. सुरत जिल्ह्यातील हरिपुरा येथे 1938 मध्ये सुभाषचंद्र बोस ह्यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यानंतर बारडोलीत हाळ्यांच्या मुक्ततेची घोषणाही झाली. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांचे बंधन एका घोषणेने तुटले नाही.

अमेरिकेच्या इतिहासातही अगदी हीच फट आढळते. तेथील घटनेच्या चौथ्या अनुच्छेदाचे दुसरे कलम पाहावे. त्याच्या आरंभी असे म्हटले आहे की, एका राज्याच्या नागरिकांना इतर राज्यांतही नागरिकांचे हक्क व सवलती मिळतील. आणि त्याच कलमाच्या शेवटी असे म्हटले होते की, एका राज्यात चाकरीस बांधलेला इसम दुसऱ्या राज्यात पळून गेला, तर तो मुक्त होणार नाही. धन्याने मागणी करताच त्याला परत दिले पाहिजे. गुलाम हा शब्द टाळला होता, अर्थ टळला नव्हता. नागरिकाला शीव ओलांडण्याचा हक्क आणि गुलामाला शिवेवरून ओढून आणण्याचा हक्क, हे दोन्ही एकाच कलमात शेजारी शेजारी नांदत होते. ह्याच तरतुदीच्या आधाराने 1793 आणि 1850 मध्ये पळालेल्या गुलामांविषयीचे कायदे झाले, आणि उत्तरेकडील स्वतंत्र राज्यांतूनही माणसे धरून दक्षिणेत परत नेली जाऊ लागली.

मग 1791 मध्ये घटनेला जोडलेल्या हक्कांच्या सनदेचे काय? भाषणाचे, धर्माचे, सभेचे स्वातंत्र्य तीत होतेच. परंतु ती सनद केवळ केंद्रसत्तेला बांधत होती. बाल्टिमोर नगरपालिकेच्या कामांमुळे एका धक्क्याच्या मालकाचे नुकसान झाले आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा 1833 मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, ही सनद राज्यांना व त्यांच्या नगरपालिकांना लागू नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठी कर घेण्याची पद्धत 1833 पर्यंत चालू होती, आणि पहिल्या दुरुस्तीने तिला बाध येत नव्हता. म्हणजे सनद होती, पण राज्य सरकार छळू लागले तर तिचा उपयोग नव्हता. आणि सामान्य माणसाला रोज गाठ पडते ती दूरच्या राजधानीशी नव्हे, तर जवळच्या शिपायाशी, तलाठ्याशी, नगरपालिकेशी.

ही फट बुजविण्यासाठी अमेरिकेला यादवी युद्धातून जावे लागले. 1865 च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली. 1868 च्या चौदाव्या दुरुस्तीने प्रथमच राज्यांवर बंधन घातले की, त्यांनी कोणत्याही व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण नाकारू नये. 1870 च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. तरीही राज्यांच्या स्वायत्ततेचे नाव घेऊन दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे जवळजवळ शतकभर चालले. तेव्हा तेथील कृष्णवर्णीयांनी सुरतेच्या वाण्यांचाच मार्ग धरला. 1910 ते 1970 ह्या काळात सुमारे साठ लाख माणसे दक्षिण सोडून उत्तरेच्या व पश्चिमेच्या शहरांत गेली. परंतु जे मागे राहिले, त्यांचे प्रश्न जाणाऱ्यांच्या जाण्याने सुटले नाहीत. त्यासाठी 1954 चा शाळांतील वर्णभेदाविरुद्धचा निकाल लागला. 1957 मध्ये लिटल रॉक येथे राज्याच्या गव्हर्नरने नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत जाण्यापासून रोखले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर ह्यांना सैन्य पाठवावे लागले. आणि शेवटी 1964 चा नागरी हक्क कायदा व 1965 चा मताधिकार कायदा करावा लागला.

भारताच्या घटनाकारांपुढे हा सारा अनुभव होता. म्हणून आपल्या घटनेत मूलभूत हक्क लिहिताना बाराव्या अनुच्छेदात आधीच स्पष्ट करण्यात आले की, ‘राज्य’ ह्या शब्दात केंद्र सरकार व संसद, राज्यांची सरकारे व विधिमंडळे, आणि सर्व स्थानिक संस्था येतात. बाल्टिमोरच्या मालकाला जे उत्तर मिळाले, ते सुरतेच्या रहिवाशाला मिळू शकत नाही. तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस व सक्तीच्या मजुरीस बंदी केली. ह्या बंदीला प्रत्यक्ष धार येण्यास 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा यावा लागला, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. आणि एकोणिसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला भारताच्या राज्यक्षेत्रात सर्वत्र संचार करण्याचा व कोठेही स्थायिक होण्याचा हक्क दिला. 1669 मध्ये सुभेदाराने जे वाक्य सोयीपुरते उच्चारले होते, ते 1950 मध्ये देशाचा कायदा झाले.

ह्याचा प्रत्यय 1960 च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस आला. द्वैभाषिक मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात असे दोन भाग झाले, आणि नवी शीव सुरतेच्या दक्षिणेकडून व पूर्वेकडून गेली. डांग कोणाचे, उंबरगाव कोणाचे, ह्यावर कडाक्याचे वाद झाले, आणि दोन्ही गुजरातेत राहिले. अमेरिकेत राज्याची सीमा त्याच्या विधिमंडळाच्या संमतीवाचून बदलता येत नाही. आपल्याकडे संसद ती बदलू शकते. राज्याचे मत केवळ मागविले जाते. ह्या दृष्टीने आपली राज्ये अमेरिकन राज्यांहून दुबळी आहेत. परंतु शीव बदलल्याने त्या प्रदेशातील एकाही माणसाचे नागरिकत्व बदलले नाही, की त्याचा एकही मूलभूत हक्क उणा झाला नाही. सुरतेत राहणारा मराठी माणूस तेथे परका झाला नाही. घटनेत 1956 मध्ये घातलेल्या 350-क ह्या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. सुरतेच्या महापालिकेने गुजराती शाळांच्या जोडीला मराठी, हिंदी, उर्दू, उडिया आणि तेलुगू माध्यमाच्या शाळा चालविल्या, हे तिला भूषणावह आहे. लिंबायत आणि उधना भागांत खानदेशातून आलेल्या कुटुंबांची मुले त्या शाळांतून शिकली.

तथापि लिखित हक्काचीही परीक्षा होत असते. 2020 च्या मार्चमध्ये साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली, आणि सुरतेच्या मागांवर काम करणारे लक्षावधी परप्रांतीय मजूर जागच्या जागी अडकले. त्यांच्यात ओडिशातील गंजाम जिल्ह्याचे विणकर फार मोठ्या संख्येने होते. काम थांबले, मजुरी थांबली. एप्रिलमध्ये हे मजूर रस्त्यावर आले. आम्हांला गावी जाऊ द्या, एवढीच त्यांची मागणी होती. मे महिन्यात गाड्या सुटू लागल्या, तेव्हा तपासणीत निर्दोष ठरलेल्यांनाच राज्यात घ्यावे, असा आदेश ओडिशाच्या उच्च न्यायालयाने दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला दुसऱ्याच दिवशी स्थगिती दिली. जूनच्या 9 तारखेस त्याच न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिला की, घरी जाऊ इच्छिणाऱ्या मजुरांना पंधरा दिवसांत पोहोचवावे.

साथीच्या काळात संचारावर काही बंधन घालणे सरकारला भाग असते, आणि घटनेनेही सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंधांना वाव ठेवला आहे. प्रश्न असा की, त्या बंधनाचा भार कोणावर पडला. ज्याच्या घरी धान्य होते आणि हातात पैसा होता, त्याला टाळेबंदी सोसता आली. ज्याच्याजवळ दोन्ही नव्हते, त्याला राहणेही अशक्य आणि जाणेही अशक्य झाले. कॅलिफोर्नियात एकेकाळी निर्धन माणसाला राज्यात आणणे हा गुन्हा होता. अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने 1941 मध्ये तो कायदा रद्द केला. गरिबी ही राज्याच्या वेशीवर अडवून धरण्याची वस्तू नव्हे, हे त्या निकालाचे सार आहे.

सुरतेच्या ह्या साडेतीनशे वर्षांच्या इतिहासातून एक गोष्ट लक्षात येते. वाणी शहर सोडून गेले आणि शहर हादरले, कारण त्यांच्या हाती टांकसाळ होती. बारडोलीचा शेतकरी शीव ओलांडून गेला आणि सरकारचे चित्त अस्वस्थ झाले, कारण साऱ्याची रक्कम तो देत होता. हाळी जाऊ शकला नाही आणि कोणाचेही काही अडले नाही. अनेक राज्ये आणि अनेक शिवा असल्या म्हणजे सामर्थ्यवान माणसाला निवड करता येते. दुबळ्याला मात्र ज्या ठिकाणी तो उभा आहे, त्याच ठिकाणी हक्क मिळाला पाहिजे, आणि तो देण्याची जबाबदारी सर्व शिवांच्या वर असलेल्या कायद्याने घेतली पाहिजे. एखादे संघराज्य किती चांगले आहे हे ठरविताना त्यातील राज्यांना किती अधिकार आहेत हे तर पाहावेच. परंतु हाळ्याच्या पोराला त्यात कोठे जाता येते, आणि जावयाचे नसेल तर मानाने राहता येते की नाही, हे आधी पाहावे.